मिलिंग मशीनला घरचं कूलंट : पंपाआधी परतीची वाट बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीजवळ लहान शेड आहे. त्यात जुनं एम-वन-टीआर मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) घेतलं, पण त्याचा कूलंट, म्हणजे कापताना कटर गार ठेवणारं तेल-पाणी, सोडणारा पंप आणि टाकी आधीच्या मालकाकडेच राहिली. काम मिश्र आहे : एमएसच्या (साध्या मऊ स्टीलच्या) प्लेटा, ईएन-८ च्या (त्याहून कडक स्टीलच्या) शाफ्टवर की-वे (चावी बसायची खाच), मधूनमधून ॲल्युमिनियम, आणि फाउंड्रीकडून येणारी कास्टिंग. कटर काही एचएसएसचे (हायस्पीड स्टीलचे), काही त्याहून कडक पण ठिसूळ अशा कार्बाइडचे. डेझर्ट कूलरचा पंप, निळा ड्रम आणि नळी एवढ्यात भागेल का, पंप किती वॅटचा घ्यावा आणि पाण्यात काय मिसळावं, असं विचारलं आहे. खर्च वाचवायला जळकं इंजिन ऑइल चालेल का, हेही विचारलं आहे.

घरी बनवलेली व्यवस्था चालते. माझ्या शेडमध्ये चालते आणि ओळखीच्या जॉबवर्कवाल्यांकडेही मी अशा बसवून दिल्या आहेत. पण तुम्ही सुरुवात पंपापासून केली आहे आणि माझ्या मते तो शेवटी ठरवायचा. कटरवर पाणी पाडायला कुठलाही पंप पुरतो. अवघड काम आहे ते पाणी चिप्ससकट (कापून निघालेल्या धातूच्या कपच्यांसकट) टेबलावरून गोळा करून, गाळून, फरशीवर न सांडता टाकीत परत आणण्याचं. अशा व्यवस्था बंद पडलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पंप कमी पडला म्हणून बंद पडलेली क्वचितच असते. टेबल तुंबून पाणी पायाशी यायला लागलं की माणूस कंटाळून स्विच बंद करतो आणि पुन्हा ब्रश हातात घेतो, असंच बहुतेक ठिकाणी झालेलं असतं.

पाणी किती लागतं याचा हिशेब आधी करू, म्हणजे मोठ्या पंपाचा मोह सुटेल. तुमच्या मशीनवर प्रत्यक्ष कापण्यात १ किलोवॅट गेलं तर तो दणकट कट म्हणायचा. १ लिटर पाणी १ अंशाने तापायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. मिनिटाला ४ लिटर पाणी सोडलं आणि सगळी उष्णता त्या पाण्यातच गेली असं धरलं, तरी पाणी साडेतीन अंशांच्या आसपास तापेल. प्रत्यक्षात उष्णतेचा मोठा भाग चिपबरोबर निघून जातो. म्हणजे थंड करण्यासाठी मिनिटाला २ ते ४ लिटर पुरे. त्याहून जास्त पाणी लागतं ते चिप्स धुऊन काढायला, आणि तेही खोल खाचेत किंवा पॉकेटमध्ये. मोठ्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) धो-धो पाणी वाहताना दिसतं, पण त्या मशीनला चारी बाजूंनी बंद पत्रा असतो. तुमचं मशीन उघडं आहे.

आता कुठल्या कामाला पाणी लावायचं ते बघू. तुमच्याकडे काम मिश्र असल्यामुळे एकच उत्तर देता येत नाही.

कास्टिंगला पाणी लावू नका. करड्या कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइट असतं, ते स्वतःच धारेला वंगण देतं. त्याची लांब चिप होत नाही, भुकटी पडते. ही भुकटी पाण्यात मिसळली की काळा लगदा होतो. तो टी-स्लॉटमध्ये (टेबलावरच्या काम बांधायच्या खाचांमध्ये) बसतो, टेबल ज्यांवर सरकतं त्या स्लाइडच्या वायपरखाली शिरतो आणि टाकीच्या तळाशी घट्ट थर धरतो. कास्टिंगला चिकटून आलेली फाउंड्रीची वाळू त्यात असली तर स्लाइडवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. कास्टिंग कोरडं कापा आणि भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्या. हवेच्या गनने उडवू नका, ती स्लाइडमध्ये आणि तुमच्या छातीत जाते. कास्टिंगचं काम सुरू करण्याआधी टेबलावरचं पाणी पुसून घ्यायची आणि परतीच्या भोकाला बूच मारायची सवय लावा. ईएन-८ चं काम संपवून लगेच कास्टिंग बांधलं जातं तेव्हाच हा लगदा तयार होतो.

कार्बाइडने स्टील कापताना, विशेषतः इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या तुकड्यांच्या) फेसमिलने, माझं मत कोरडं किंवा नुसत्या हवेवर चालवावं असं आहे. लेथवरच्या टर्निंगमध्ये टूल सतत धातूत असतं. मिलिंगमध्ये प्रत्येक दात प्रत्येक फेरीला आत जातो आणि बाहेर येतो. आत असताना धार तापते, बाहेर येताच त्यावर गार पाणी पडतं, पुन्हा आत. मिनिटाला शेकडो वेळा असं तापणं-गार होणं झालं की कार्बाइडला धारेशी आडव्या, एकाशेजारी एक बारीक भेगा पडतात आणि मग धारेचे तुकडे उडतात. इन्सर्ट झिजून जायच्या आधीच तुटून जातं. आणि घरगुती व्यवस्थेतली अधूनमधून पडणारी पाण्याची बारीक धार तर सगळ्यात वाईट, कारण ती कटरला सतत गार ठेवत नाही, फक्त झटके देते. इथे कॉम्प्रेसरची हवा चांगली. तिने चिप खाचेतून बाहेर जाते आणि तीच चिप पुन्हा कापली जात नाही. मात्र हवेचाही हिशेब असतो : २ मिमीच्या भोकातून ३ बार दाबाने मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर हवा जाते, आणि १ एचपीचा लहान कॉम्प्रेसर तेवढी हवा सतत देताना दमतो. १ ते १.५ मिमीचं भोक ठेवा आणि ते कटरच्या अगदी जवळ आणा.

एचएसएसने एमएस किंवा ईएन-८ कापताना मात्र पाणी हवंच. एचएसएस साधारण ६०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि एकदा धार निळी झाली की ती पुन्हा घासण्यावाचून उपाय नाही. की-वेच्या कामात तर चिप खाचेतच अडकते, म्हणून पाण्याचा दुहेरी फायदा होतो. ॲल्युमिनियमला थंडाव्यापेक्षा वंगण जास्त लागतं, नाहीतर धातू धारेवर चिकटून बसतो आणि फिनिश खरवडल्यासारखी येते. त्याला थोडं दाट मिश्रण चांगलं. तुरळक काम असेल तर जुन्या कारागिरांप्रमाणे ब्रशने रॉकेल लावूनही उत्तम फिनिश मिळते, पण ब्रश फिरत्या कटरच्या चिप बाहेर पडणाऱ्या बाजूला धरायचा, दात आत शिरतो त्या बाजूला कधीच नाही. रॉकेल पंपातून मात्र फिरवू नका. ते साधारण ४० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडायला लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापमान नुसत्या उन्हानेच होतं.

या सगळ्याचा तुमच्यासाठी अर्थ असा की आधी स्वतःच्या कामाची वाटणी करा. आठवड्यातलं बहुतेक काम कास्टिंगचं आणि इन्सर्टचं असेल, एचएसएसचं काम दोन-चार तासांचंच असेल, तर टाकी-पंपाच्या भानगडीत पडू नका. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, पाच लिटरचा कॅन मशीनच्या डोक्याच्या वर टांगा आणि थेंब सोडा. चक्रीने थेंबांचा वेग कमी-जास्त करता येतो, आणि खाली एक ट्रे पुरतो. पातळ दुधी पाण्याला तो चालतो, दाट कटिंग ऑइल त्यातून उतरत नाही. माझ्याकडे एका छोट्या मशीनवर अजूनही हीच सोय आहे आणि ती बदलायची गरज वाटली नाही. रोज दोन-तीन तास एचएसएस चालत असेल तर मात्र पुढचं वाचा.

आता परतीची वाट. तुमच्या टेबलाच्या कडेने खोलगट पन्हळ असेल आणि एका किंवा दोन्ही टोकांना भोक असेल. बहुतेक जुन्या मशीनवर ते भोक ग्रीस आणि चिप्सनी भरलेलं असतं, ते आधी मोकळं करा. मग एक चाचणी घ्या, तिला एक बादली आणि घड्याळ पुरतं. ५ लिटर पाणी मोजून घ्या आणि टेबलावर सलग ओता, इतक्या वेगाने की पन्हळ काठोकाठ भरेल पण सांडणार नाही. ओतायला सुरुवात केल्यापासून ५ लिटर खाली उतरायला किती वेळ लागला ते बघा. एका मिनिटात उतरलं तर तुमची परतीची वाट मिनिटाला ५ लिटरची आहे. कटरवर सोडायचं पाणी त्याच्या निम्म्याच्या पुढे नको, कारण काम सुरू झाल्यावर चिप्स वाट अडवणारच. चाचणीत मिनिटाला ३ लिटरच उतरत असतील तर कितीही चांगला पंप आणून उपयोग नाही. आधी भोक मोठं करा किंवा दुसऱ्या टोकालाही वाट काढा.

टी-स्लॉट हा लपलेला शत्रू आहे. पाणी त्यातून धावतं आणि चिप्स त्यातच थांबतात. जे स्लॉट वापरात नाहीत त्यांत नायलॉनच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या बसवा, पट्टी टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली राहू द्या. परतीच्या भोकाआधी भांडी घासायची नायलॉनची घासणी दाबून ठेवा. जाळी लावली तर ती दहा मिनिटांत चिपने झाकली जाते. घासणीला जाडी असते, त्यामुळे ती बराच वेळ पाणी सोडत राहते, आणि भरली की झटकून परत लावता येते.

परतीची नळी किमान सव्वा इंची घ्या, आणि शेतात वापरतात ती कड्यांची सक्शन पाइप घ्या. साधी ब्रेडेड नळी टेबल सरकलं की मोडते, आणि जिथे मोडते तिथे चिप्स बसतात. मिलिंगचं टेबल तीन दिशांना हलतं, म्हणून नळीला ढिलेपणा द्यावाच लागतो. पण हा ढिलेपणा खाली पोट काढून लोंबता कामा नये. पोट आलं की त्यात पाणी साचतं, चिप तळाला बसते आणि आठवड्याभरात नळी बंद होते. टेबलाच्या बाजूने एक साखळी लावून नळी अशी टांगा की टेबल कुठल्याही टोकाला असलं तरी तिचा उतार सलग राहील. नळीचं खालचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवू नका. ते पाण्याच्या वर मोकळं सोडा. बुडालं की आत हवा अडकते आणि पाणी गचके देत उतरतं.

उडणाऱ्या पाण्याचाही विचार इथेच करा. कटरच्या कडेवरचा थेंब कडेच्याच वेगाने सुटतो. एचएसएसचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर थेंब सेकंदाला ०.४ मीटरने निघतो आणि वीतभर अंतरात टेबलावरच पडतो. कार्बाइड मिनिटाला १५० मीटरने चालवलं तर तोच थेंब सेकंदाला अडीच मीटरने सुटतो, टेबल ओलांडून समोरच्या माणसाच्या अंगावर जातो. म्हणून एचएसएसच्या कामाला व्हाइसभोवती (काम पकडणाऱ्या शिकंज्याभोवती) वीतभर उंचीचा पत्र्याचा आडोसा पुरतो. पारदर्शक हवा असेल तर पॉलिकार्बोनेट लावा, पण कूलंटमधल्या अल्कलीने आणि तेलाने ते हळूहळू कमजोर होतं, त्यामुळे धुरकट किंवा बारीक भेगांचं दिसू लागलं की बदला. हा आडोसा पाणी अडवण्यासाठी आहे. तुटलेल्या कटरपासून तो वाचवेल या भरवशावर राहू नका, चष्मा डोळ्यांवर हवाच.

टाकीसाठी निळा ड्रम मी घेणार नाही. तो उंच आणि अरुंद असतो, गाळ काढायला हात तळापर्यंत पोचत नाही. रुंद आणि उथळ असे २५-३० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नका, कूलंट अल्कलाइन असतं आणि ते जस्ताला खातं. साध्या एमएसला घरचा ऑइलपेंट मारला तर तोही काही महिन्यांत सोलून निघतो. पहिल्या टबात परतीचं पाणी पडू द्या. त्याच्या भिंतीत साधारण दोन-तृतीयांश उंचीवर टँक निपल बसवून ५० मिमीची पीव्हीसी पाइप काढा आणि आतल्या बाजूला टी जोडा : टीचं एक तोंड वर उघडं, दुसऱ्याला तुकडा जोडून तो पाण्याच्या मध्यापर्यंत खाली सोडलेला. घरच्या सेप्टिक टँकमध्ये जी टी असते तीच ही युक्ती. जड चिप्स तळाला बसतात, मशीनच्या स्लाइडवरून धुऊन आलेलं तेल वर तरंगतं, आणि मधल्या थरातलं स्वच्छ पाणीच तेवढं दुसऱ्या टबात जातं. दुसरा टब एक वीट खाली ठेवा. पंप दुसऱ्यात, तळापासून दोन इंच वर.

एकूण पाणी ४० लिटरच्या आसपास ठेवा. मिनिटाला ४ लिटर फिरत असेल तर प्रत्येक थेंबाला दहा मिनिटं शांत बसायला मिळतात. गाळणी कितीही बारीक लावली तरी तिच्यापेक्षा हा वेळ जास्त गाळ काढतो. आणि पाणी जितकं जास्त तितकं त्याचं प्रमाण हळू बिघडतं. १० लिटरच्या डब्यावर चालणारी व्यवस्था उन्हाळ्यात दोन दिवसांत दाट होते.

आता तुमचा पंप. कूलरचा पंप चालेल, पण किती दिवस चालेल हे तुमच्या कामावर आहे. त्याच्या डब्यावर लिहिलेली उंची दीड-दोन मीटर असते आणि त्या उंचीवर प्रवाह शून्याजवळ असतो. तुमचं नोझल टाकीपासून सव्वा ते दीड मीटर वर असेल, म्हणजे डब्यावरच्या लिटरांपैकी थोडेच हाती लागतील. सुदैवाने आपल्याला थोडेच हवे आहेत. खरी अडचण वेगळी आहे : अशा बहुतेक छोट्या पंपांचा रोटर चुंबकाचा असतो. लोखंडाची बारीक भुकटी त्याला चिकटत जाते आणि शेवटी तो जाम होतो. नुसतं ॲल्युमिनियम कापणाऱ्याकडे हाच पंप मजेत चालतो, तुमच्याकडे एमएस आहे. दुसऱ्या टबात पंपाआधी जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं तर आयुष्य वाढतं. पिशवी काढली की भुकटी आपोआप गळून पडते.

थोडा खर्च झेपत असेल तर मशीन टूलसाठीच बनवलेला उभा पंप घ्या, ०.१ एचपीचा सगळ्यात लहान मिळतो तो. त्याची मोटर टाकीच्या झाकणावर कोरडी राहते आणि फक्त पंखा पाण्यात असतो. खाली सील नसल्यामुळे बारीक चिप्सने सील खराब होण्याचा प्रश्नच नाही. चांगल्या स्थितीतला जुना पंपही भंगारात निघणाऱ्या मशीनवरून मिळतो. तो गरजेपेक्षा जास्त पाणी देईल, म्हणून नळीला टी मारून एक वाट नोझलला आणि दुसरी कॉक लावून परत दुसऱ्या टबात सोडा. पहिल्या टबात सोडू नका, तिथला गाळ ढवळेल. बॅटरीच्या फवारणी पंपातला डायफ्राम पंप लावल्याचंही मी पाहिलं आहे. दाब चांगला देतो, पण त्याच्या व्हॉल्व्हमध्ये एक चिप अडकली की दाब गेला, आणि नोझल बंद केलं की तो सतत चालू-बंद होत राहतो. या कामाला मला तो पटत नाही.

विजेच्या बाबतीत तडजोड करू नका. ओली फरशी, लोखंडी मशीन आणि पाण्यात बुडालेला २३० व्होल्टचा पंप एकत्र आले आहेत. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि मशीनला पक्कं अर्थिंग द्या. पंपाची वायर मशीनच्या पॅनेलमधून अशी घ्या की इमर्जन्सी स्टॉप दाबलं की पंपही थांबेल. स्विच टाकीच्या वर, कोरड्या उंचीवर. तेलकट पाण्यात पंपाच्या वायरचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं, तेव्हा दर महिन्याला वायर हातात घेऊन तपासा, अर्थात प्लग काढून.

नोझलसाठी तुकड्या-तुकड्यांची वळणारी प्लास्टिक नळी चुंबकी स्टँडवर बसवा. टोकाचं भोक ६ ते ८ मिमी पुरे. पाण्याची धार, कटर धातूत शिरतो तिथे सोडा, आणि दुसरी सोय असेल तर चिप बाहेर पडते तिथे. क्विलच्या (स्पिंडल धरून खाली-वर होणाऱ्या भागाच्या) दिशेने वर धार मारू नका, स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं तर कूलंटवर वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

पाण्यात काय मिसळायचं? साधं सोल्युबल ऑइल, ज्याने दुधासारखं पाणी होतं ते. मिलिंगला ५ टक्के, म्हणजे ३८ लिटर पाण्यात २ लिटर तेल. ॲल्युमिनियमचं काम जास्त असेल तर ८ टक्क्यांपर्यंत जा. आधी पाणी घ्या आणि ढवळत तेल ओता. तेलात पाणी ओतलं तर गुठळ्या होतात आणि मिश्रण नीट जमत नाही. पाणी बोअरचं असेल तर तिथेच सावध व्हा. साबणाचा फेस होत नाही असं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम तेलाच्या साबणाशी मिळून चिकट साका धरतं, वर तेल सुटतं आणि मशीनवर पांढरे डाग राहतात. नळाचं पाणी मिळत असेल तर ते वापरा. नसेल तर निदान रोजची भर तरी आरओच्या पाण्याने घाला, कारण बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, क्षार आतच राहतात आणि प्रत्येक भरीबरोबर वाढत जातात. भर घालताना १ ते २ टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला, निव्वळ पाणी सतत घातलं तर प्रमाण उतरतं आणि टेबलाला गंज चढतो. मिश्रणातलं तेल मोजणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर एकदा घेऊन ठेवा. तेलाच्या डब्यावर त्याचा गुणक दिलेला असतो, आलेल्या आकड्याला त्याने गुणायचं, की खरं प्रमाण कळतं.

जळकं इंजिन ऑइल अजिबात नको. त्यात झिजलेल्या धातूची भुकटी आणि ज्वलनातून तयार झालेली, त्वचेचा कर्करोग करू शकणारी द्रव्यं असतात. ते पाण्यात मिसळतही नाही. तापलेल्या कटरवर पडून त्याचा धूर होतो आणि तो धूर तुम्ही आठ तास घेणार. इथे पैसे वाचत नाहीत.

कूलंटला वास येण्याची तक्रार पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही करालच, म्हणून आत्ताच सांगतो. सुट्टीच्या दिवशी पाणी उभं राहतं, वर स्लाइड ऑइलचा थर जमतो, हवा आत जात नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू कुजक्या अंड्याचा वास सोडतात. त्यावर डेटॉल किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. ब्लीचिंगने गंज वाढतो आणि हाताची आग होते. वरचं तेल रोज संध्याकाळी काढा : जुनं पॉलिएस्टर कापड किंवा तेल शोषणारा पॅड पहिल्या टबावर सोडला तरी तो बरंच तेल उचलतो. सुट्टीला जाताना माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावून ठेवा, तो नगण्य वीज घेतो. पीएच कागदाने आठवड्याला एकदा बघा. ८.५ ते ९.५ च्या मध्ये असेल तर ठीक. ८.५ च्या खाली घसरत चालला तर जंतू वाढले आहेत, आणि प्रमाण वाढवूनही सुधारत नसेल तर पाणी बदला. नव्या पाण्याआधी टाकी, नळ्या आणि पंप साबणाच्या गरम पाण्याने धुवा. जुन्या गाळाचा एक तांब्या उरला तरी नवं पाणी आठवड्यात नासतं.

काम संपल्यावर टेबल पुसून स्लाइडला तेल द्या, कारण कूलंट तुमचं वंगण धुऊन नेतं. आणि आठवड्यातून एकदा व्हाइस उचलून त्याखाली पुसा. पाणी तिथे झिरपतं आणि दिसत नाही, महिन्याने व्हाइस काढला की टेबलावर त्याच्या आकाराचा गंजाचा डाग निघतो.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता : भोक मोकळं करून बादलीची चाचणी, मग नळी आणि उतार, मग दोन टब आणि टी, साध्या पाण्याने एक दिवस गळती बघणं, आणि त्यानंतर पंप व तेल.

हवा आणि पाणी एकत्र करून धुकं मारणारं स्वस्त किट मिळतं, ते घ्यावं का असं तुमच्या मनात येईल. बंद शेडमध्ये घेऊ नका. त्याचे बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसात खोल जातात. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये धातुकामाच्या द्रवांसाठी शिफारस केलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम एवढी कमी आहे, आणि उघड्या मशीनवरचं धुकं ती ओलांडायला वेळ लागत नाही. त्यात जंतू वाढलेलं जुनं पाणी असेल तर दमा आणि फुप्फुसाची सूज होऊ शकते. हातांचंही तसंच. काम झालं की साध्या साबणाने धुवा, चिंध्यांनी पुसू नका, त्यातली बारीक चिप कातडीत ओरखडे काढते आणि तिथूनच खाज सुरू होते. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालायचे नाहीत, हे तुमच्या मदतनीसालाही सांगा.

शेवटी जुन्या पाण्याचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ४० लिटर टाकी भरण्याआधी ते ठरवायला हवं. ते गटारात किंवा मागच्या शेतात ओतू नका. आपल्याकडची गटारं ओढ्याला आणि ओढे पंचगंगेला मिळतात. तेलकट कचरा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो. टाकी नीट सांभाळली तर वर्षातून एक-दोनदाच पाणी बदलावं लागेल. ते पाणी रुंद तोंडाच्या पिंपात, पावसापासून आडोशाला ठेवा. बरंचसं पाणी उन्हाने उडून जातं आणि तळाला दाट तेलकट भाग राहतो. तो वरून काढलेल्या स्लाइड ऑइलबरोबर साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यालाच द्या. तुमच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या मशीन शॉपकडे त्याची गाडी येतच असेल. त्यांच्याकडे चौकशी करून तुमचा कॅन त्याच फेरीत देता येईल का ते विचारा. छोट्या शेडवाल्यांनी चार-पाच जणांचा माल एकत्र केला तर गोळा करणाराही कुरकुर करत नाही.